आगबोटीतली वरची खाट

मु. पोखर्णी, जिल्हा परभणी
माघ शुद्ध पक्ष

राजमान्य राजेश्री बन्सीधरराव, मुक्काम सोनपेठ, यांना पोखर्णीहून दाजी सटवाजी यांचा रामराम पोचावा. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढं वाचालच. तुमची तब्येत कशी आहे? दिवाळीत तुमच्या पाठीत उसण भरली होती, ती उतरली का? उतरली नसेल तर एरंडाचं पान गरम करून बांधा, आणि उतरली असेल तरी बांधा, कारण उसण गेली असं वाटतं तेव्हा ती दुसरीकडं बसलेली असते. मुलाबाळांना आशीर्वाद. तुमची काळी म्हैस व्याली का, व्याली असेल तर पारडी का रेडा, ते कळवा. (कळवलं नाहीत तर मी काळजी करीत बसतो. म्हशीची काळजी करायचं मला काही कारण नाही, तरी बसतो.) हे पत्र लांबणार आहे. हातातलं काम संपवून मग वाचायला घ्या.

मुद्दा असा की तुमची बहीण द्वारकेला निघाली आहे. चैत्रात, आणि तेही आगबोटीनं. आमचे व्याही दिनकरराव, म्हणजे आमच्या आसारामाचे सासरे, ताडकळसचे, त्यांना तुम्ही लग्नात बघितलं आहे (फेटा मोठा, आवाज त्याहून मोठा). त्यांच्या मंडळींनी, धुरपताबाईंनी, आमच्या सूनबाईच्या पोटी मूल व्हावं म्हणून द्वारकेचा नवस बोलला आहे. आगगाडीनं गेलं तर गाड्या बदलता बदलता माणूस विटतो, बोटीत एकदा बसलं की थेट उतरायचं, असं दिनकररावांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी आम्हाला दोघांना सोबत चला म्हटलं. तुमच्या बहिणीनं माझ्याकडं न बघताच हो म्हणून टाकलं. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "तुमी नका येऊ. मी जाते." बन्सीधरराव, लग्न झाल्यापासून बाळंतपणं सोडली तर ती मला सोडून कुठं राहिलेली नाही, आणि बाळंतपणातसुद्धा मी काही ना काही निमित्त काढून सोनपेठला यायचो, हे तुमच्या वडिलांनी चार माणसांत हसून सांगितलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. आता या वयात तिच्याशिवाय इथं बसायचं, का तिच्यासोबत खाऱ्या पाण्यावर जायचं, हे मला ठरवायचं आहे. मला दोन्हीची भीती वाटते. दोन्हींत कमी कोणती, ते कळेना झालं आहे.

व्याह्यासमोर भीती वाटते असं कोणी म्हणत नाही. म्हणून मी सोयीचं काढलं. बोटीत झोपायचं कुठं, जेवायचं काय, आणि दोन व्याह्यांनी एका बोटीत बसायचं तर मानानं कोण कुठं बसणार, हे बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं म्हणालो. मला वाटलं, एवढे प्रश्न ऐकून माणूस कंटाळेल. दिनकरराव कंटाळत नाहीत. ते हैद्राबाद बघून आलेले आहेत, एकदा तालुकदार साहेबांसमोर खुर्चीवर बसलेले आहेत, आणि तेव्हापासून कुठल्याही गोष्टीला 'त्यात काय' म्हणतात. म्हणाले, त्यात काय सटवाजीराव, बैल घेताना बाजारात जाऊन दात बघतो, तसं मुंबईला जाऊन बोट बघून येऊ. (मला बोट बघायची नव्हती. पण बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही असं मीच म्हणालो होतो, त्यामुळं आता बघायला नाही म्हणायची सोय राहिली नाही. माणसानं फार नेमकं बोलू नये.) असा मी भर पौषात, हुरडा शेतात सोडून, एक बोट बघायला मुंबईला गेलो. परभणी ते मनमाड आणि मनमाड ते मुंबई या प्रवासाचं लिहीत नाही, ते दुखणं वेगळं आहे.

कंपनीच्या कचेरीत एक चष्मेवाला कारकून होता, कोकणाकडचा, स्वभावानं गरीब. त्यानं एक छापील कागद पुढं केला. पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि डेक, असं त्यात लिहिलं आहे म्हणाला. सगळं इंग्रजीत. मी पंतोजींकडं तिसरीपर्यंत शिकलो, पुढची शाळा उर्दू होती, तिथं वडिलांनी घातलं नाही. दिनकररावांना उर्दू येतं, पण ते त्या कागदावर चालेना. म्हणून ते थेट सौद्यावर आले. तुम्हाला आपल्या बैलबाजाराची रीत ठाऊक आहे. त्या कारकुनाला कुठून ठाऊक असणार? दिनकररावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, कारकुनाचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आतल्या आत त्याची बोटं दाबायला लागले. कारकून पांढरा पडला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला झटका आला. तो पाणी मागवायला लागला. दिनकरराव म्हणाले, "पानी नगं मला. तुमी बी दाबा की." तो म्हणाला, "काय दाबू?" "बोटं. तुमचा भाव सांगा." तेव्हा त्यानं हळूच हात सोडवून घेतला आणि भाडं छापलेलं असतं, ते दाबून कमी होत नाही असं सांगितलं. दिनकररावांना ते पटलं नाही, पण त्यांनी दुसरं धरलं. म्हणाले, "बरं, मग जरा चालवून दाखवा. बैल आमी औताला जुंपून वावरात दोन तासं फिरवून बघतो, मग इसार देतो." कारकून म्हणाला, "पाटील, चालवून दाखवायला ती रिकामी झाली पाहिजे आणि मग ती भरली पाहिजे. तुम्ही उभी असतानाच बघा."

त्या दिवशी बोट धक्क्याला लागलेली होती आणि मालाची पोती चढत होती. कारकुनाला आमची दया आली का आम्हाला कचेरीतून बाहेर काढायचं होतं, ते सांगता येत नाही. तो स्वतः आम्हाला घेऊन गेला. आधी पहिला वर्ग. खोली चांगली आहे. दोन खाटा, पांढऱ्या चादरी, तोंड धुवायचं भांडं भिंतीतच बसवलेलं, वर पंखा, आणि आपल्या देवळीएवढी गोल खिडकी, तिला जाड काच. दिनकरराव गादी दाबून बघत होते. मी खाली वाकून खाटेचे पाय बघत होतो, आणि मला दिसलं की खाट जमिनीला स्क्रूनं आवळलेली आहे. मी कारकुनाला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, बोट हलली तर सरकू नये म्हणून. बघा, म्हणजे त्यांची खाट सरकते हे त्यांना आधीपासून माहीत आहे. मग मी सगळं त्याच नजरेनं बघायला लागलो. पाण्याचा तांब्या ठेवायला भिंतीत गोल कडं केलेलं, म्हणजे तांब्या पळतो. भिंतीला धरायला पितळी दांडी, म्हणजे माणूस पळतो. खाटेखाली बुचाचे दोन पट्टे ठेवलेले, ते बुडताना गळ्यात घालायचे. दिनकररावांना जिथं जिथं सोय दिसली तिथं मला कुणीतरी पूर्वी पडल्याची खूण दिसली. मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, त्यात काय.

पहिला वर्ग आपल्यासाठी नाही हे आमचं दोघांचं बाहेर आल्यावर न बोलताच ठरलं. (भाड्याचं मी लिहीत नाही. दिनकररावांनी कागदावरचा आकडा विचारला आणि मग खोकला आला.) दुसऱ्या वर्गात खोली लहान, आणि खाटा शेजारी शेजारी नसून एकावर एक, माळ्यावर माळा असतो तशा. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी. म्हणजे एका खोलीत मी आणि दिनकरराव, आणि दुसऱ्या खोलीत तुमची बहीण आणि विहीणबाई. इथं खरी पंचाईत सुरू झाली. वरच्या खाटेवर कोणी निजायचं? मी मुलाचा बाप. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाच्या डोक्यावर पाय करून निजलं तर ताडकळस ते पोखर्णी सगळीकडं बोभाटा होईल. दिनकरराव इतर बाबतींत कसेही असोत, मानाला पक्के आहेत, ते लगेच म्हणाले, "सटवाजीराव, वरची तुमची." कारकून म्हणाला, वयस्कर लोक खालची मागतात, खालची चांगली. दिनकररावांनी त्याला समजावून सांगितलं की चांगली असली तर ती मला देता येत नाही असं नाही, पण खालची आहे, म्हणून देता येत नाही. कारकुनानं चष्मा काढून पुसला.

मग म्हणाले, एकदा चढून बघा. मी चढलो. खाटेला लोखंडाची शिडी आहे, तिच्या पायऱ्या बोटाएवढ्या. चढताना काही वाटलं नाही, कारण मागून दिनकरराव ढकलत होते. वर गेल्यावर छत नाकाला लागतं. कुशीवर वळलं की खांदा अडतो. दिनकरराव खालच्या खाटेवर आडवे झाले आणि खालून म्हणाले, "लय ऐसपैस हाय." मी म्हणालो, मला उतरवा. उतरायचं म्हणजे आधी पाय खाली सोडायचा, आणि पायाला शिडी सापडेना. पाय हवेत फिरवला तो दिनकररावांच्या फेट्याला लागला. मुलाच्या बापाचा पाय मुलीच्या बापाच्या डोक्याला. मानानं बघितलं तर चुकलं काहीच नव्हतं, पण त्यांचं तोंड उतरलं. शेवटी कारकुनानं दोन खलाशांना बोलावलं. त्यांनी मला पोतं उतरवतात तसं खांद्यावर घेऊन खाली आणलं. एक खलाशी दुसऱ्याला म्हणाला, "हा माल चढवायचा का उतरवायचा?" तेवढ्यावर दिनकरराव हसले. व्याही म्हणून हसायला नको होतं.

तिसरं म्हणजे डेक. डेक म्हणजे उघडी जागा, वर कापडाचं छत. खोली नाही, खाट नाही, आपलं घोंगडं पसरायचं आणि जिथं पसरलं ती जागा आपली. आपल्या पोखर्णीच्या नृसिंहाच्या जत्रेत देवळाच्या ओवरीत पसरतो तसंच. मला खरं सांगायचं तर बोटीत तेवढीच जागा ओळखीची वाटली. काहीच स्क्रूनं आवळलेलं नव्हतं, त्यामुळं काही पळणार नाही असं मनाला वाटतं. मी कारकुनाला विचारलं, इथले बुचाचे पट्टे कुठं आहेत? त्यानं एका मोठ्या पेटीकडं बोट दाखवलं, ती बंद होती, आणि तिच्यावर एक माणूस निजला होता. डेकच्या खालीच दुसऱ्या वर्गाच्या खोल्या आहेत. दिनकररावांच्या लक्षात आलं की मी डेकवर बसलो आणि ते खाली खोलीत निजले, तरी मी वरच राहतो, मान सांभाळला जातो आणि गादीही त्यांनाच मिळते. ते फार खूश झाले. मी विचारलं, आणि बायका? ते म्हणाले, त्या खाली, खोलीत, आपापल्या. म्हणजे तुमची बहीण फळ्यांच्या खाली आणि मी फळ्यांच्या वर.  मला ते आवडलं नाही.

आता जेवण. बोटीत जेवायच्या तीन तऱ्हा आहेत. एक तर पहिल्या वर्गाचं जेवणघर. लांब टेबल, पांढरं कापड, आणि टेबलाच्या कडेला चारी बाजूंनी लाकडी काठ. (काठ का, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. ताट पळतं.) तिथं गोव्याकडचा एक बटलर चमचे पुसत होता. दिनकररावांनी खुर्चीवर बसून बघितलं आणि त्याला विचारलं, भाकरी मिळंल का? तो म्हणाला, पाव. कसली तरी आमटी? तो म्हणाला, सूप. मग मुख्य जेवण? त्यानं जी नावं सांगितली त्यातलं एकही देवाला जाताना खाता येण्यासारखं नव्हतं, आणि येताना खायचं तर ते नाव लक्षात ठेवावं लागलं असतं. दुसरी तऱ्हा म्हणजे बोटीवरचा महाराज. गुजरातकडचा ब्राह्मण आचारी, जानवं, सोवळं, सगळं नीट. तो वरण, भात, पुरी, भाजी करतो आणि ताट खोलीत आणून देतो. तिसरी, आपलं बांधून न्यायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. डेकवर गरम पाण्याचा नळ आहे, चहाचं दुकान आहे, बाकी घरचं खायचं.

तुम्ही म्हणाल यात अडचण काय, महाराजाचं खा नाही तर घरचं खा. अडचण दिनकररावांची आहे. लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही रीत ते इतकी पाळतात की आमच्याकडं येतात तेव्हा पाण्याचा तांब्या ताडकळसहून भरून आणतात आणि आमच्या ओसरीवर बसून स्वतःचं पाणी पितात. उन्हाळ्यात ते पाणी तापलेलं असतं. आम्ही त्यांच्यासमोर माठातलं गार पाणी प्यायला लाजतो, म्हणून आम्हीही तहानलेले बसतो. आता तुमच्या बहिणीनं दशम्या बांधल्या तर त्या त्यांना चालत नाहीत. धुरपताबाईंनी बांधल्या तर मला चालतात, पण मग सटवाजी व्याह्याच्या भाकरीवर द्वारकेला जाऊन आला असं होतं. आणि मूल व्हावं म्हणून जायचं, आणि मूल नाही म्हणून वाटेत एकमेकांचं खायचं नाही, हे मी दिनकररावांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, म्हणूनच तर जायचं.

मग राहिला महाराज. कारकुनानं विचारलं, "जेवण चार जणांचं लिहू?" दिनकरराव म्हणाले, "चार न्हाई. दोन आन् दोन." तो म्हणाला, तेच ते. दिनकरराव म्हणाले, तेच नाही. आणि ते थेट महाराजाकडं गेले. महाराज कांदे नसलेली कसली तरी भाजी चिरत होता. त्याला विचारलं, भात एका पातेल्यात शिजतो का दोन? एका. मग त्यातला आमचा कोणता आणि ह्यांचा कोणता? महाराज म्हणाला, सगळ्यांचा. दिनकरराव म्हणाले, "सगळ्यांचा म्हंजी त्यात ह्यांचा बी आला की. मग मी ह्यांचं खाल्लं." मी सुचवलं की त्यांचा भात आधी वाढून घ्यावा आणि आमचे तांदूळ मग घालावे. महाराजानं विळी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "शेठ, तुम्ही दोघं उपास करा. द्वारकाधीश बघून घेईल." दिनकररावांनी ते खरोखर मनावर घेतलं, परतीच्या गाडीत ते उपासाचाच हिशेब करीत होते, एकादशी कुठं येते, तिला धरून आणखी काय जोडता येतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. मनमाडला आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसून वेगवेगळ्या पुरचुंड्या सोडल्या. भूक दोघांना सारखीच लागली होती.

घरी येतो तो काय, दोन्ही बायकांनी सगळं ठरवून टाकलेलं. आम्ही मुंबईला असताना धुरपताबाई शनिवारी नृसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीला आल्या होत्या. लेकीच्या घरी पाणी प्यायचं नाही म्हणून त्या देवळातच बसल्या आणि तुमची बहीण तिथं जाऊन बसली. मी सूनबाईकडून ऐकलं ते असं. तुमच्या बहिणीनं विचारलं, बोटीत जेवायचं कसं हो विहीणबाई? धुरपताबाई म्हणाल्या, "घर पोखर्णीला हाय. दर्यावर कुनाचं घर हाय? तिथं मी तुमच्या दशम्या खाईन, तुमी माझ्या खा." तुमची बहीण म्हणाली, आणि ह्यांचं? धुरपताबाई म्हणाल्या, "त्यांचा मान त्यांच्यापाशी. त्यो खाऊ द्या त्यांना." आणि दोघी हसल्या म्हणे. देवळात. मी आल्यावर तुमच्या बहिणीला वरच्या खाटेचं, स्क्रूचं, बुचाच्या पट्ट्यांचं, ताट पळण्याचं सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मंग तुमचं काय ठरलं?" मी म्हणालो, ठरायचं आहे. ती म्हणाली, "ठरवा. न्हाई तर आमी दोघी जातो, दिनकरराव हायेतच संगं." तेव्हापासून मी ठरवतो आहे. आसारामाच्या हाती शेत दिल्यापासून मला तसं दुसरं काम नाही.

तुम्हाला त्रास दिला. वहिनींना नमस्कार. गोदागंगेला पाणी किती आहे, उताराला पायी येता येतं का, ते कळवा. लोभ आहे तो तसाच ठेवा.

आपला,
सटवाजी

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वर लिहायचं राहिलं. तुम्ही पाठचे भाऊ, तुमचं ती ऐकते. माझं नाव न घेता तिला असं लिहा की चैत्रात समुद्र खवळतो, सोनपेठचा कोणीतरी जाऊन आला त्यानं सांगितलं, बाईमाणसानं जाऊ नये, पुढच्या वर्षी आगगाडीनं बघू. खवळतो का नाही ते मला ठाऊक नाही, पण एखाद्या वर्षी खवळत असेलच. ती राहिली म्हणजे मी राहिलो, आणि मला नाही म्हणावं लागलं असं होणार नाही. कृपा करून एवढं करा.

दुसरा ता. क. तुमची बहीण आता इथं येऊन बसली आहे. एवढं काय लिहायलात म्हणून विचारलं. मी म्हणालो, बन्सीधररावांची उसण. ती म्हणाली, उसणीला एवढा कागद लागत नाही. लिहायलाच बसलात तर माझंही चार शब्द लिहा. तिला लिहिता येत नाही म्हणून तिचं मीच लिहितो, आणि ती शेवटी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेते, त्यामुळं मला बदल करता येत नाही. पुढचं तिचं आहे.

"बन्सी, तुज्या दाजीचं काई मनावर घेऊ नको. बोटीचं खूळ दिनकररावाच्या डोस्क्यात धुरपताबाईनं घातलं आन् धुरपताबाईला मी सांगितलं. शेत आसारामानं घेतल्यापसून हे दिसभर आढ्याकडं बघत बसायलेत आन् नसलेल्या गोष्टीची काळजी करायलेत. मुंबईला जाऊन आले तर आठ दिस बोलायला तरी लागले, बोटीला नावं ठेवीत का होईना. एकटी जाते म्हनले ते ह्यांनी उठावं म्हनून. हे न्हाई आले तर मी कशाला जाते? पन हे त्यांला सांगू नको. वहिनीला म्हनावं कुरडया पाठव."

तिसरा ता. क. वरचं काल तिनं जसं सांगितलं तसं लिहिलं आहे. 'त्यांला सांगू नको' हेसुद्धा मीच लिहिलं आणि मीच वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि बरोबर आहे म्हणून उठून आत गेली. हसली का ते दिसलं नाही, पाठ होती. आता माझी अवस्था बघा. मला हे ठाऊक नाही असं धरून मला चालायचं आहे. मी नुसतं नाही म्हटलं की द्वारका मिटली, बोट मिटली, वरची खाट मिटली. पौषापासून मला जे पाहिजे होतं ते एका शब्दावर आलं आहे, आणि तो शब्द आता तोंडातून निघेना. मी सकाळपासून दोनदा तोंड उघडून बघितलं.

म्हणून बन्सीधरराव, पहिल्या ता. क.मधलं काही लिहू नका. (खोडलं असतं, पण खोडलं की तिला कळतं काहीतरी होतं.) त्याऐवजी असं करा. उलट टपाली तिच्या नावानं पत्र पाठवा, आणि त्यात मला लिहा, की दाजी, हे बरं दिसत नाही, बायकोला एकटीला दर्यावर पाठवता काय, मुकाट्यानं तिच्या संगं जा, डेकवर दोघांची एक घोंगडी पसरा आणि तिला त्या खोलीत ठेवू नका. पत्र मीच तिला वाचून दाखवणार आहे. तेव्हा अक्षर मोठं काढा, आणि जरा रागावून लिहा.